ओळखीचा क्रमांक, अनोळखी मजकूर : संदेशवहन ॲपमधील खासगीपणा व अनामिकता यांची चिकित्सा

गोषवारा :
मोबाईल क्रमांकाशिवाय खाते उघडता येत नाही अशा संदेशवहन ॲपचा वापर आज शिक्षण, शेती, सहकार आणि स्थानिक प्रशासन या सर्व क्षेत्रांत होतो. क्रमांकाची सक्ती असल्यामुळे वापरणारा जबाबदारीने वागतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी मराठी लेखनपरंपरेतील टोपणनाव, २०१८ सालची राईनपाडा येथील घटना आणि २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम यांचा आधार घेतला आहे. नाव असावे की नसावे हा खरा प्रश्न नसून ते कोणाकडे आणि कोणत्या अटीवर असावे हा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : खासगीपणा, अनामिकता, टोपणनाव, मोबाईल क्रमांक, मूळ प्रेषक.

प्रस्तावना :

आष्ट्यासारख्या बाजारपेठेच्या गावात आणि एकूणच वाळवा तालुक्यात व्हॉट्सॲपचे गट हे आता सार्वजनिक जीवनाचे एक अंग झाले आहे. विकास सोसायटी, ऊसतोडीच्या पाळ्या, पाणीपुरवठा, तरुण मंडळे, भिशी आणि महाविद्यालयातील प्रत्येक वर्ग यांचे आपापले गट आहेत. या गटात येण्यासाठी मोबाईल क्रमांक द्यावा लागतो आणि गटात आल्यावर तो इतर सदस्यांना दिसतो. क्रमांक देणे ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिच्यामागे कोणीतरी कधीतरी एक निवड केली होती, हे सहसा ध्यानात येत नाही.

ही निवड अपरिहार्य नव्हती. याहू मेसेंजरसारख्या आधीच्या सेवांमध्ये वापरणारा स्वतःला हवे ते नाव घेत असे. २००९ साली सुरू झालेल्या व्हॉट्सॲपने मोबाईल क्रमांक हीच खात्याची ओळख ठरवली. फोनमधील नोंदवही वाचून ओळखीची माणसे आपोआप समोर येत असल्याने नवे नाव, नवा परवलीचा शब्द लक्षात ठेवण्याची गरज उरली नाही. इंटरनेटची सवय नसलेल्या लक्षावधी लोकांना ही सोय उपकारक ठरली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या सोयीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विचारणेही आवश्यक आहे.

खासगीपणा आणि अनामिकता :

या विषयावरील चर्चेत दोन संकल्पनांची सरमिसळ होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी खासगीपणा आणि अनामिकता यांतील भेदही नोंदवला आहे. त्याचा आशय असा की, खासगीपणात माहिती झाकलेली असते, तर अनामिकतेत ती माहिती विशिष्ट व्यक्तीशी जोडणारा दुवा झाकलेला असतो.

हा भेद टपालाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. पोस्टकार्डावरील मजकूर पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचू शकतो. पण ते पाठवणाऱ्याने आपले नाव लिहिलेच पाहिजे अशी सक्ती नसते. पोस्टकार्डात खासगीपणा नाही, मात्र अनामिकता शक्य आहे. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संदेशांना टोकापासून टोकापर्यंत कूटलेखनाचे संरक्षण दिले. त्यामुळे संदेश वाहून नेणारी कंपनीही तो वाचू शकत नाही. परंतु कोणी, कोणाला, केव्हा आणि किती वेळा संदेश पाठवला, याविषयीची माहिती या संरक्षणाच्या बाहेर राहते. म्हणजे येथे पाकीट बंद आहे, पण त्यावर पाठवणाऱ्याचा क्रमांक ठळकपणे लिहिलेला आहे. एन्क्रिप्शन आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे म्हणणारा यांपैकी पहिल्याच गोष्टीविषयी बोलत असतो.

क्रमांक ज्यांना दिसतो त्यांचेही दोन प्रकार आहेत. कंपनी आणि शासन हे दूरचे निरीक्षक होत. गटातील सदस्य, गावातील परिचित, वर्गातील विद्यार्थी हे जवळचे निरीक्षक होत. विद्वत्चर्चा बहुतेक वेळा पहिल्या प्रकाराविषयी होते. लहान गावात राहणाऱ्या मुलीला मात्र दुसऱ्या प्रकाराचा जाच आधी होतो. दीडशे जणांच्या गटात नाव नोंदवले गेले की तिचा क्रमांक दीडशे जणांच्या हाती पडतो. हा क्रमांक तिच्या बँक खात्याशी, आधारशी आणि वडिलांनी काढून दिलेल्या सिमकार्डाशी जोडलेला असल्याने तो बदलणेही सोपे नसते.

टोपणनावाची परंपरा :

नाव झाकणे म्हणजे काहीतरी लपवणे, अशी भावना मराठी समाजात आहे. निनावी पत्र हा शब्दच आपण निंदेच्या सुरात उच्चारतो. निनावी तक्रारींवर कारवाई करू नये, असे केंद्रीय दक्षता आयोगाचेही धोरण आहे. तथापि मराठी वाङ्मयाचा इतिहास पाहिला असता नामधारी आणि निनावी या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी अवस्था दीर्घकाळ नांदत आली आहे, असे दिसते. ती अवस्था म्हणजे टोपणनाव.

१८४८ पासून भाऊ महाजन यांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. आज ती 'शतपत्रे' म्हणून ओळखली जातात. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख हे कंपनी सरकारच्या नोकरीत होते. या पत्रांतून त्यांनी स्वसमाजातील रूढींवर, विशेषतः ब्राह्मणवर्गाच्या वर्तनावर कठोर टीका केली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हे लेखन निनावी नव्हते. प्रत्येक पत्राखाली तेच नाव येई, त्यामुळे वाचकाला मागील पत्राशी पुढील पत्र ताडून पाहता येई. लेखक आपल्या मतांची जबाबदारी त्या नावाने घेत होता आणि लेखन छापण्याची जबाबदारी संपादक आपल्या नावाने घेत होता. टोपणनाव म्हणजे बेजबाबदारी नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

टोपणनावाचा आडोसा नसेल तर काय होते, हे १८८२ सालच्या दोन पुस्तकांवरून पाहता येईल. त्या वर्षी ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले. त्यांच्यावर झालेल्या टीकेला महात्मा फुले यांनी 'सत्सार'मध्ये उत्तर दिले. पण ताराबाईंचे त्यानंतर दुसरे पुस्तक आले नाही. त्याच वर्षी हिंदीत 'सीमंतनी उपदेश' हे स्त्रियांच्या दुःस्थितीवरील तितकेच प्रखर पुस्तक निघाले. त्याची लेखिका 'एक अज्ञात हिंदू औरत' एवढीच आजही ठाऊक आहे. यांपैकी कोणता मार्ग श्रेष्ठ, हा येथे प्रश्न नाही. स्त्रीला दोन मार्ग उपलब्ध होते आणि निवड तिची होती, हे महत्त्वाचे आहे.

आपल्या भागाचा इतिहासही याच दिशेने बोलतो. तत्कालीन सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीसह, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्यातील भूमिगत कार्यकर्ते वाळवा, कुंडल आणि कृष्णाकाठच्या खेड्यांतून वर्षानुवर्षे वावरत होते. आसरा देणाऱ्या घरांना त्यांची नावे ठाऊक होती, परंतु ती ब्रिटिश सरकारपर्यंत पोचत नव्हती. नाव विश्वासाच्या वर्तुळात राहिले म्हणूनच ती चळवळ टिकू शकली. अनामिकतेचे मूल्य येथे कोणा परकीय ग्रंथातून शिकावे लागत नाही.

राईनपाडा : ओळखीतून आलेली अफवा :

क्रमांकाच्या सक्तीचे समर्थन करताना अफवांचा मुद्दा पुढे केला जातो. म्हणून महाराष्ट्रातील सर्वांत वेदनादायक उदाहरण बारकाईने पाहणे इष्ट ठरेल. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे भिक्षा मागून उपजीविका करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांची जमावाने हत्या केली. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या काळात मोबाईलवरून फिरत होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारण्यात आले आणि मारहाणीचे चित्रीकरणही झाले.

या घटनेत अनामिक कोण होते, असा प्रश्न विचारला तर उत्तर अस्वस्थ करणारे आहे. मारणारे अनामिक नव्हते. त्यांनी दिवसाढवळ्या, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांसमोर हे कृत्य केले. संदेश पुढे पाठवणारेही अनामिक नव्हते. प्रत्येकाचा क्रमांक पुढच्याच्या फोनमध्ये नावासह नोंदलेला होता. अनोळखी होते ते फक्त मार खाणारे. संदेशातील मजकूर कोठून आला हे कोणाला ठाऊक नव्हते, तरी तो चुलत्याकडून, मित्राकडून किंवा गटातील जाणत्या माणसाकडून आल्यामुळे खरा वाटला. मजकुराचा उगम अनोळखी असला तरी तो आणणारा ओळखीचा असतो आणि विश्वास आणणाऱ्यावर बसतो. क्रमांकाधारित रचनेने अफवेला आळा घातला नाही; उलट तिला ओळखीच्या माणसाची पत मिळवून दिली.

चार वर्षांनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातील लवंगा येथे, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून जबर मारहाण झाली. सुदैवाने ते वाचले. दोन्ही घटनांत ओळखपत्राचा, सिमकार्ड नोंदणीचा वा क्रमांक दिसण्याचा काहीही उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो वेगळ्या उपायाचा. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तसे लिहिण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा बदल केल्यावर अशा संदेशांचे प्रमाण सत्तर टक्क्यांनी घटले, असे कंपनीने जाहीर केले. हा आकडा कंपनीचाच आहे, हे विसरता येत नाही. तरीही या उपायात कोणाचेही नाव उघड करावे लागले नाही, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

मूळ प्रेषकाचा शोध :

२०१८ च्या घटनांनंतर केंद्र सरकारने व्हॉट्सॲपकडे संदेशाचा माग काढण्याची मागणी केली. त्याची परिणती २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील नियम ४(२) मध्ये झाली. पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशवहन सेवेने, न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास, संदेशाच्या पहिल्या प्रेषकाची ओळख पटवून द्यावी, असे हा नियम सांगतो. गंभीर गुन्ह्यांपुरतीच ही तरतूद आहे आणि कमी उपद्रवी मार्ग उपलब्ध असल्यास तोच वापरावा, अशी अटही त्यात आहे. व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात या नियमाला आव्हान दिले.

नियमामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पहिला प्रेषक आणि मजकुराचा कर्ता हे एकच असतात, हे त्यातील गृहीतक टिकत नाही. २०१८ मध्ये देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे बालसुरक्षेच्या प्रचारासाठी बनवलेली होती. अखेरीस मूल परत केले जाते, तो भाग कापून ती अपहरणाचा पुरावा म्हणून पसरवली गेली. अशा प्रसंगी नियमानुसार भारतातील पहिला पाठवणारा हाच मूळ प्रेषक मानला जाईल. तो कदाचित घाबरलेला पालक असेल. कापणारा मात्र नियमाच्या कक्षेबाहेर राहील.

तंत्रज्ञांमध्येही याविषयी मतभेद झाले. मद्रास उच्च न्यायालयात २०१९ मध्ये आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. कामकोटी यांनी प्रत्येक संदेशासोबत मूळ प्रेषकाची माहिती जोडता येईल असे सुचवले. आयआयटी मुंबईचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी त्यावर आक्षेप घेतला. ही व्यवस्था चुकवणे गुन्हेगाराला सोपे आहे आणि तीत निरपराध व्यक्ती अडकू शकते, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. शिवाय एका संदेशाचा मूळ प्रेषक सांगता यावा यासाठी सर्वांच्याच सर्व संदेशांचा माग ठेवावा लागतो. एका घराची झडती घेण्यासाठी साऱ्या गावाच्या किल्ल्या चावडीवर जमा करण्यासारखे हे आहे.

याच काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात अधिक विवेकी भूमिका घेतली. १ मार्च २०२१ च्या या निर्णयानुसार, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशाबद्दल गटाच्या ॲडमिनला दोषी धरता येत नाही, कारण सदस्य घेणे व काढणे यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नसते. जो हाताशी सापडतो त्यालाच जबाबदार धरण्याच्या प्रवृत्तीला या निर्णयाने मर्यादा घातली.

क्रमांक म्हणजे व्यक्ती नव्हे :

आर्थिक फसवणुकीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली सेवानिवृत्त शिक्षकांपासून डॉक्टरांपर्यंत अनेकांना लुबाडले गेले. या पार्श्वभूमीवर दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये संदेशवहन ॲप हे फोनमधील चालू सिमकार्डाशी सतत जोडलेले असावे, असा आदेश काढला. परदेशात बसून भारतीय क्रमांकाचे खाते चालवणाऱ्यांना त्यामुळे अडथळा होईल, हे खरे आहे.

मात्र दुसऱ्याच्या नावावर घेतलेले किंवा भाड्याने मिळवलेले सिमकार्ड फोनमध्ये असेल, तर ही जोडणीही निष्फळ ठरते. फसवणूक करणाऱ्याजवळ अनेक क्रमांक असतात; सामान्य नागरिकाजवळ एकच असतो. बंद झालेला क्रमांक ठरावीक मुदतीनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, ही दूरसंचार व्यवहारातील नित्याची बाब आहे. क्रमांक ही व्यक्तीची कायम खूण नाही. तिला तशी मानल्यामुळे ज्याला क्रमांक बदलणे परवडत नाही तोच पूर्णपणे उघडा पडतो.

२०१९ च्या कृष्णेच्या महापुरात मदतीसाठी अनेकांचे क्रमांक हातोहात पसरले आणि ते त्या वेळी आवश्यकच होते. परंतु पूर ओसरल्यावर पाणी नदीत परत जाते. पसरलेला क्रमांक परत घेता येत नाही.

पर्याय आणि महाविद्यालयांची जबाबदारी :

तिसरी अवस्था तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. टेलिग्रामने २०१९ मध्ये क्रमांक इतरांपासून लपवण्याची सोय दिली. सिग्नलने फेब्रुवारी २०२४ मध्ये वापरकर्तानाव आणले. नोंदणीसाठी क्रमांक लागतो, पण समोरच्याला तो दाखवावा लागत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका तपासात सिग्नलकडे माहिती मागितली गेली, तेव्हा खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले, एवढेच त्या संस्थेला सांगता आले, कारण त्याहून अधिक तिने साठवलेच नव्हते. संपादकाने लेखकाचे नाव सांभाळावे, त्याची ही आजची आवृत्ती म्हणता येईल.

शासनव्यवस्थेलाही हे तत्त्व अपरिचित नाही. भ्रष्टाचाराची माहिती देताना आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती करणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांची नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे हत्या झाली. त्यानंतर २००४ च्या ठरावाने तक्रारदाराचे नाव केवळ केंद्रीय दक्षता आयोगाला कळेल, अशी व्यवस्था करण्यात आली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातही कलम १६ नुसार तक्रारदार स्त्रीची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. दोन्ही ठिकाणी नाव अस्तित्वात आहे, परंतु ते एका जबाबदार विश्वस्ताकडे आहे.

ज्या महाविद्यालयाची अंतर्गत तक्रार समिती हा नियम कसोशीने पाळते, तेच महाविद्यालय प्रवेशाच्या दिवशी सर्व विद्यार्थिनींचे क्रमांक वर्गाच्या गटात उघडे करते, ही विसंगती प्राध्यापकवर्गाने गांभीर्याने घ्यावयास हवी. सूचना देण्यासाठी सर्वांना सर्वांचे क्रमांक दिसण्याची गरज नसते. २०२३ पासून उपलब्ध असलेल्या चॅनेलमध्ये अनुसरण करणाऱ्याचा क्रमांक इतर अनुसरण करणाऱ्यांना दिसत नाही. कम्युनिटीच्या सूचनागटातही सदस्यांचे क्रमांक एकमेकांपासून झाकलेले असतात. सूचनांसाठी अशी माध्यमे वापरावीत, चर्चागटात येणे ऐच्छिक ठेवावे आणि वर्ष संपताच गट विसर्जित करावा, एवढे कोणत्याही खर्चाशिवाय करता येते. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. व्यक्तिगत वा घरगुती वापराला या कायद्यातून सूट आहे. संस्थेने गोळा केलेल्या माहितीला तशी सूट गृहीत धरता येणार नाही.

समारोप :

अनामिकतेचा गैरवापर होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि वरील विवेचनावरून असे दिसून येते की, क्रमांकाच्या सक्तीमुळे अफवा थांबली नाही, फसवणूक संपली नाही आणि मूळ कर्ता सापडेलच याची शाश्वती मिळाली नाही. मिळाले ते एवढेच की, ज्यांच्यापाशी सामाजिक बळ कमी आहे त्यांची ओळख सर्वांत जवळच्या आणि म्हणूनच सर्वांत त्रासदायक ठरू शकणाऱ्या वर्तुळात कायमची उघडी झाली. लोकहितवादींचे नाव भाऊ महाजनांच्या भरवशावर राहिले आणि भूमिगतांचे नाव खेड्यातील घरांच्या भरवशावर राहिले. आजच्या रचनेत नाव सर्वत्र आहे, पण ते सांभाळणारा विश्वस्त नाही. ही उणीव भरून काढणे हे कायदा करणाऱ्यांचे व तंत्रज्ञांचे काम आहेच. वर्गाचा गट तयार करणाऱ्या प्राध्यापकाला मात्र त्याची सुरुवात आजच करता येईल.